फूटपट्टीनं बुजवलेली खांड

मास्तर, तुमच्या मागं अख्ख्या वालूर शिवारात पेन्शिलीच्या चित्रातली रेघ वाचणारा मानूस ऱ्हायला आसंल तर त्यो मीच. परवाच्या शोकसभेत मी तुमचं चित्र लोकांकडं उलटं धरून वाचलं.

हसू नका. तुमी हसले की तुमचा चष्मा नाकावरनं खाली घसरायचा, मंग त्यो वर सारायला तुमी बोट लावायचे, आन् बोटाचं शिसं नाकाला लागायचं. तुमच्या नाकावर कायम काळा ठिपका. तुमाला शेवटाची आंघोळ घातली तवा मी वाकून बघितलं, ठिपका हाय का म्हणून. न्हवता. कुणीतरी घासून काढला व्हता. तिथंच मला पैल्यांदा शिसारी आली. गेलेल्या मानसाला येवढं सोच्छ करायची काय गरज व्हती? कुणाच्या घरी जेवायला जायचं व्हतं तुमाला?

हे मी बोलायलाव आन् बाई लिवायल्यात. बाई म्हंजे तुमच्याच मंडळी, दुसरं कोन बसंल माझी बडबड लिवायला. मला 'क' काढता येत न्हाई हे तुमाला म्हाईतच हाय. तुमी शिकवून बघितलं व्हतं. मी काढला, तुमी चष्मा पुसून पुन्ना बघितलं आन् म्हनले, "सोपान, हा क नाही. ही पाय मोडून बसलेली मेंढी आहे." आपली शाळा तिथंच संपली. आज सकाळी बाईंला म्हनलं, "पोटात लय साचलंय, मास्तरला सांगायचंय." बाई म्हनल्या, "आता ते ऐकायला नाहीत रे." मी म्हनलं, "व्हते तवा तरी कुठं ऐकायचे?" बाईंनी पदरानं डोळे पुसले आन् कागद घेतला. रडायच्या ऐवजी लिवायला बसल्या. तेवढाच माझा उपेग.

रविवारी तुमी माळावर येयाचे. मी मेंढ्या सोडून बसलेला. तुमी मांडीवर फळी घेयाचे, पेन्शिलीला दाढीच्या बिलेटनं टोक करायचे, आन् मंग घंटाभर काहीच न्हाई. नुसतं बघायचं. मला वाटायचं, मास्तरचं बाईंसंगं भांडण झालं, घरी बसवंना. (बाई म्हनायल्यात, कधीकधी तसंबी असायचं. हे बी लिवा म्हनलं मी.)

एकदा तुमी कागद माझ्याम्होरं धरला. "काय दिसतंय?"

मी म्हनलं, "म्हस."

"कुठंय म्हैस?"

"ही काय. आडवी पडलीया. पाठ दिसायलीय, शिंगं राह्यली तुमची काढायची."

"लेका, ती जिंतूरकडची टेकडी आहे."

"मंग इतकी फिक्कट कामून? आजारी हाय का?"

तुमी रागावले न्हाईत. इचारलं, "लांबची मेंढी ओरडली तर कशी ऐकू येते?" मी म्हनलं, "बारीक." "जवळची?" "कान फाडती." "तसंच आहे. लांबची रेघ बारीक, जवळची रेघ दाबून." एवढी एक गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली आन् मी लगेच हुशार झालो. म्होरच्या रविवारी मीच तुमाला शिकवायला बसलो. "मास्तर, खालचा अर्धा कागद कोराच ऱ्हायला की. वाया चाललाय. माझ्या चार मेंढ्या तरी बसवा." तुमी म्हनले, "तो कोरा नाही. तो माळ आहे, तू बसलायस तो." "मंग मी कुठंय?" "तू बघायलास. बघणारा चित्रात नसतो." लय राग आला मला. मी त्या दिशी मिशीला तेल लावून आलो व्हतो.

त्याच माळावरनं काढलेलं हे चित्र. तुमच्या बैठकीत भिंतीला टाचण्या मारून लावलेलं. वर आभाळ अगदी थोडं, धोतराच्या काठायेवढं. खाली समदा माळ, कोरा. डाव्या कोपऱ्यातनं बांधाची रेघ निघती, दाबून काढलेली, तिरपी वर चढत उजव्या अंगाच्या बाभळीकडं जाती. आन् मधीच तुटती. बोटभर जागा तशीच सोडलेली, मंग रेघ पुन्ना सुरू. त्या सोडलेल्या जागेतनं मागं वढा दिसतो, दोनच बारीक रेघा, आन् वढ्याच्या पल्याड गाव, नुसत्या पेन्शिलीच्या टिचक्या. बांध तुटतो त्या जागेला आमी खांड म्हनतो. चित्र बघताना नजर कोपऱ्यातनं बांधावर चढती, बांधाबांधानं चालत खांडीपतुर येती, आन् तिथनं आत उतरती, वढ्यावर, गावात. खांड न्हाई तर आत जायला दुसरी वाटच न्हाई. हे तुमी मला बोट धरून दाखवलं. म्हंजे माझं बोट धरून. तुमच्या बोटाला शिसं व्हतं.

आता ही खांड नुसती कागदावरची न्हाई. बांध खराच हाय, शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांच्या रानाचा. माळाच्या पायथ्याला वस्ती, जयभीमवाल्यांची. पाणी वढ्यात. मधी बांध. खांडीतनं वस्तीतल्या बाया घागरी घिऊन जायच्या, माझ्या मेंढ्या बी जायच्या. मंग औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावावरनं गडबड झाली. आमच्या गावात त्या विद्यापीठात शिकलेला मानूस शोधून सापडला नसता. मी तर शाळेच्या फाटकाच्या आत गेलो तो बी मेंढरू शिरलं म्हणून. पर डोकी तापली ती आमचीच. आबासाहेबानं खांडीत बाभळीची काटी टाकली, मानसायेवढा उंच ढीग. "नाव बदलायला निघाले, आता वाट बी बदला म्हनावं." बाया सडकंनं लांबचा वळसा घालून पाण्याला जायला लागल्या. काटी उन्हानं मोडायची, दर साली नवी पडायची. मी काय केलं? मेंढ्या वळवल्या. मेंढ्यांला बी वळसा पडला, पर मेंढ्या काही बोलत न्हाईत, आन् मी त्यांच्यातलाच.

तुमी हे चित्र काढलं ते काटी पडल्यावर. ढीग समोर व्हता. मी फळीवर वाकून बघितलं आन् म्हनलं, "मास्तर, काटी ऱ्हायली."

"कुठली?"

"ही काय समोर. आंधळा बी अडखळंल."

"मला दिसत नाही."

"चष्मा बदला मंग."

तुमी पेन्शिलीला टोक करायला लागले. टोक व्हतंच, तरी करायला लागले. लय वेळानं म्हनले, "सगळी रेघ पुरी केली तर बघणाऱ्यानं आत शिरायचं कुठून?"

मी हे पारावर सांगितलं. मास्तरला मानसायेवढा ढीग दिसत न्हाई, पोरांला काय शिकवत आसंल! लोक हसले. मी चार दिस त्याच्यावर मिजास मारली. पर मास्तर, मला खरंच कधी कळलं न्हाई. तुमी खांड सोडली ती नजर आत जावी म्हणून, का बाया जाव्यात म्हणून? इचारीन म्हनलं. दर रविवारी इचारीन म्हनलं. पर माझं असं हाय, इचारायच्या आदी मला इनोद सुचतो. आन् तुमी तर सांगणारे न्हवतेच. तुमचं समदं पेन्शिलीत.

आता शोकसभेचं ऐका. तुमचं दहावं बी झालेलं न्हवतं. आदी संस्थेचा कारकून बाईंकडं आला. म्हनला, साहेबांची इच्छा हाय, मास्तरांचं एक चित्र हापिसात लावायचं. बाईंनी टाचण्या काढून हेच दिलं. सभेला बाई न्हाई आल्या, सुतक. मी गेलो. मला बोलवायला कुणी यायची गरज पडत न्हाई, चिवड्याचा वास पुरतो.

शाळेच्या मोठ्या वर्गात टेबल, टेबलावर तुमचं चित्र, नवी कोरी काच बसवलेली. चित्राला हार. हाराचं पाणी काचेवरनं वघळत माळावर आलेलं. केळात उदबत्ती खोवलेली, केळावर माश्या. आबासाहेब पान एका गालात सारून बोलायले, "आमचे कलामहर्षी". कलामहर्षी! ह्याच मानसानं चित्रकलेच्या तासाला तुमाला शिडीवर चढवून आपल्या नावाच्या कमानी रंगवून घेतल्या. पोरं वर्गात बोंबलत बसायची आन् तुमी 'हार्दिक स्वागत' काढायचे. कागद मागितला तर म्हनायचा, झाडं काढायला कागद कशाला, झाडं भाईर हायेतच की. त्योच आता डोळे पुसायला. रुमाल कोरडा. मी निरखून बघितलं, एक टिप्पूस न्हाई. पानाची पिचकारी मातर खिडकीतनं बरोबर गेली, तिथं नेम चुकला न्हाई.

लांबनंच चित्र वेगळं दिसायलं. म्हनलं काच वंगाळ आसंल. नजर कोपऱ्यातनं बांधावर चढली, चालली, आन् तशीच घसरत गेली, घसरत गेली, बाभळीवरनं कागदाच्या भाईर जाऊन पडली. आत उतरलीच न्हाई. गाव मागं ऱ्हायलं, कुलूप लावल्यावानी. जवळ गेलो. खांड बुजवली व्हती. फूटपट्टी ठिवून.

तुमची रेघ कशी, मास्तर? चालत्या मानसासारखी. कुठं पाय जोरात पडलाय, कुठं नुसता टेकलाय, कुठं दमून थांबलीय. आन् तिच्या मधी ही मेलेली रेघ, ताठ. जित्या मानसाच्या तोंडात लाकडाचा दात.

कारकुनाला म्हनलं, "हे कुणी केलं?"

त्यो लाजला. त्याला वाटलं शाबासकी द्यायलाव. "मीच. मास्तरांचं राहून गेलं होतं ना. साहेब म्हणाले, बांध तुटका बरा दिसत नाही, तेवढं पुरं करून घ्या. श्रद्धांजलीच की एक प्रकारची."

ज्यानं मारलं त्याच्यापरीस ज्यानं मड्याची मिशी नीट केली त्याची जास्त किळस येती, तसं झालं. त्याला काय बोलावं? त्यानं मनापासून केलं व्हतं. फूटपट्टी बी शाळेचीच.

भाषणं लांबली. लोक जांभया द्यायला लागले, तवा मला उठवलं. "आता मास्तरांचे माळावरचे दोस्त सोपान दोन शब्द बोलतील." मला ठावं हाय मला कामून उठवतात. पर म्हनलं, आज बोलायचं. मी टेबलावरनं चित्र उचललं, छातीशी धरलं आन् सुरू केलं. ही जवळची रेघ, दाबून काढलीय. ही लांबची, फिक्की, आजारी न्हाई. इथनं नजर निघती, हे आभाळ थोडं ठिवलंय कामून, तर माळ मोठा दिसावा म्हणून. लोक गालातल्या गालात हसायले. मला वाटलं, समजायलंय लोकांला. मी आजून चढलो. बोलता बोलता 'रचना' म्हनलो मी. तुमचा शब्द. माझ्या बापजाद्यात कुणी उच्चारला नसंल.

आबासाहेब म्हनले, "सोपान, मास्तर गेले म्हणून गाव वटवाघळासारखं टांगलंस का रे?"

तवा उजेड पडला. चित्र छातीशी धरून मी वरनं वाकून बघायलो व्हतो. मला सरळ दिसावं तसं धरलेलं, म्हंजे लोकांला उलटं. वर माळ, खाली आभाळ, बाभूळ मुंडकं खाली करून उभी. वर्ग नुसता फुटला हसून. आन् मास्तर, मी बी हसलो. समद्या दिवसातली घाणेरडी गोष्ट कोणती म्हनाल तर ही. फूटपट्टी न्हाई, पिचकारी न्हाई. आबासाहेब हसला की माझं तोंड आपसूक उघडतं. जन्माची सवय. तुमच्या शोकसभेत, तुमचं चित्र हातात धरून, तुमच्या रेघंवर फूटपट्टी फिरवून घेणाऱ्याच्या म्होरं मी दात काढले. त्या दातांची मला आजून शिसारी यायलीय. सकाळधरनं दोनदा चुळा भरल्या.

तरी चित्र सरळ केलं आन् म्हनलं, "इथं खांड व्हती. मास्तरनं सोडलेली. कुणीतरी बुजवली."

हसू थांबलं. आबासाहेबानं पान दुसऱ्या गालात घेतलं. "कसली खांड? बांध आमचा, आन् आम्हालाच माहीत नाही? आजपर्यंत अख्खा आहे."

"अख्खाच," कारकून म्हनला.

दारात वस्तीतली मानसं उभी व्हती, काही तुमच्याच हाताखाली शिकलेली, संगं म्हातारी पारूमाय. वर्गात बाकडी रिकामी व्हती, पर त्यांला बसा म्हनायला कुणाची जीभ वळली न्हाई. ते माझ्याकडं बघायले. तुमी असते तर नुसते टोक करत बसले असते. मी काय बोललो असतो देव जाणे. तेवढ्यात चहा आला.

चहा आला की आपल्या गावात कलामहर्षीकडं कोन बघतंय. बशीत वतून फुर्रफुर्र. मी चित्र घोंगड्याखाली घेतलं आन् मागच्या दारानं निघालो. चिवडा न खाता. ही गोष्ट लोकांला सांगितली तर पटायची न्हाई, म्हणून तुमाला सांगायलाव.

दुसऱ्या दिशी कारकून बाईंच्या दारात. "चित्र पळवलं म्हणे सोपाननं. साहेब रागावलेत." बाई उंबऱ्यात उभ्या ऱ्हायल्या. "पळवलं नाही. घरी आलं." "पण काच संस्थेची आहे, बाई." बाई आत गेल्या, काच काढून आणली, त्याच्या हातात दिली आन् दार लावलं. मास्तर, तुमच्या बाई तुमच्याहून बऱ्या. तुमी असते तर त्याला चहा इचारला असता. (हे लिवायला बाई तयार न्हवत्या. मी म्हनलं, मी सांगायलाव ते लिवायचं ठरलंय.)

मंग आमी दोघं ती रेघ पुसायला बसलो. बाई म्हनल्या, "तू हात लावू नको." तुमचाच रबर घेतला, कोपऱ्यानं, हल्लू हल्लू. शिसं निघालं. पर त्या कारकुनानं श्रद्धांजली इतकी दाबून वाहिली व्हती की कागदाला चर पडलाय. काळं गेलं, चर ऱ्हायला. कागद तिरपा धरला की बांध पुन्ना अख्खा दिसतो. बाईंनी आजून जरा घासलं, आन् मागच्या वढ्याची एक रेघ निघून गेली. दोनातली एक. खांड उघडली, पर वढा अर्धा झाला. बाईंनी रबर ठिवला. "पुरे," म्हनल्या. मंग रडल्या. तुमी गेल्यापासनं अशा रडल्या न्हवत्या.

मी काय करावं? मी तिथं बसून इचार करायलो, तुमी दोन रेघात वढा वाहता केला, आन् आमी दोघांनी मिळून त्यो आटवला. तुमचं चित्र जपायची अक्कल बी आमाला न्हाई, आन् ज्यांला अक्कल हाय त्यांच्याकडं फूटपट्टी हाय.

तुमचे उपकार मानावेत का तुमाला शिव्या द्याव्यात, मला ठरवता येईना. तुमी भेटायच्या आदी मी सुखात व्हतो. टेकडी म्हंजे म्हस, बांध म्हंजे बांध. शोकसभेत चिवडा बरा आसंल तर मेलेला मानूस बी बरा. आता काही बघवत न्हाई. पारावर मानसं बोलायलेत, मला दिसतं कोन दाबून बोलायलंय आन् कोन फिक्कट. आबासाहेब हात जोडतात तवा मला फूटपट्टी दिसती. येष्टीत पाटी बघितली तरी वाटतं, हे अक्षर मनानं काढलंय का भीतीनं. असली नजर देऊन तुमी निघून गेले. आन् मी बसलोय ही घिऊन, आंधळ्याच्या घरात आरसा दिल्यावानी. तरी बी, मास्तर, परत द्या म्हनलं तर देणार न्हाई.

हे लिवणं चालू हाय तेवढ्यात पारूमाय आली. वस्तीतली समद्यात म्हातारी बाई, लांबच्या वळशानं वढ्यावरनं घागर भरून आलेली. घागर ओट्यावर ठिवली आन् भाईरच थांबली. बाईंनी हाताला धरून आत आणली. दोघी एकमेकीच्या गळ्याला पडल्या. मी गप बसायला पायजे व्हतं. पर मी चित्र उचललं. या खेपंला सरळ हाय का ते दोनदा बघून घेतलं.

"पारूमाय, बघ. समद्यांनी काटी बघितली, मास्तरनं वाट बघितली. तुमची वाट मोकळी ठिवली व्हती त्यांनी. आबासाहेबानं बुजवली, मी आन् बाईंनी पुन्ना उघडली. बघ की, आत नजर कशी जाती!"

पारूमायनं चित्र जवळ घेतलं. लय वेळ बघितलं. चरावर बोट फिरवलं, घागरीनं काळं पडलेलं बोट. मंग चित्र बाईंच्या मांडीवर ठिवलं.

"मास्तर भला मानूस व्हता," ती म्हनली. "पर सोपान्या, कागदातनं माझी घागर जात न्हाई. उद्या सकाळी आमी काटी वडायला जाणार हाव. यायचं आसंल तर कोयता घिऊन ये, आन् त्वांड घरी ठिवून ये."